एकपदरी पदार्थ आणि इलेक्ट्रॉनांचे परस्परसंबंध

आम्ही इतिहासाचे अभ्यासक. तथापि विज्ञानातील एखादी कल्पना कशी घडली व कशी सुधारली गेली, हा प्रश्न आम्ही आमच्या विषयाबाहेरचा मानत नाही.

काचेवर दुप्पट प्रकाश टाकला की पलीकडे दुप्पटच येतो आणि त्याचा रंग बदलत नाही. यास रेषीय प्रतिसाद म्हणतात. प्रकाश अतितीव्र असेल, तर मात्र हे प्रमाण मोडते. 1961 मध्ये अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात पीटर फ्रँकेन व सहकाऱ्यांनी क्वार्ट्झच्या स्फटिकावर 694 नॅनोमीटर तरंगलांबीचा लाल लेसर सोडला. त्यातून किंचित 347 नॅनोमीटरचा अतिनील प्रकाशही निघाला. तरंगलांबी निम्मी, म्हणजेच वारंवारता दुप्पट. हा अरेषीय प्रतिसाद होय. त्याच्या छायाचित्रातील ठिपका इतका फिका होता की, छपाईच्या वेळी तो डाग समजून पुसला गेला, ही हकिगत प्रसिद्ध आहे.

2004 मध्ये मँचेस्टर येथे गाइम व नोव्होसेलोव्ह यांनी चिकटपट्टीच्या साहाय्याने ग्रॅफाइटचा एकच अणुथर वेगळा केला. पुढे मॉलिब्डेनम डायसल्फाइडसारख्या पदार्थांचेही असे एकपदरी पापुद्रे मिळाले. 2013 मध्ये अशा पापुद्र्यातून दुप्पट वारंवारतेचा प्रकाश मोजला गेला. विषम संख्येच्या थरांतून तो मिळतो. सम थरांत जवळजवळ नाहीसा होतो, कारण शेजारचे थर उलट मांडणीचे असून एकमेकांचा परिणाम पुसतात.

परंतु हा प्रकाश किती तीव्र असेल, हे केवळ मांडणीवरून ठरत नाही. प्रत्येक इलेक्ट्रॉन एकटाच आहे असे धरून केलेला हिशोब येथे चुकतो. प्रकाशाने इलेक्ट्रॉन वर उचलला की मागे रिकामी जागा उरते. ती धनभारासारखी वागते व त्या इलेक्ट्रॉनास ओढून धरते. या जोडीस एक्सायटॉन म्हणतात. जाड स्फटिकात भोवतालचे इलेक्ट्रॉन हे आकर्षण क्षीण करतात. पापुद्र्यात मात्र बलरेषा वर-खाली बाहेर पसरतात आणि तेथे त्यांना अडवणारे फारसे काही नसते. म्हणून गॅलियम आर्सेनाइडच्या जाड स्फटिकात सुमारे 4 मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट असलेली ही बंधऊर्जा एकपदरी पदार्थांत काही शे मिलिइलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत जाते. खोलीच्या तापमानाची उष्णता सुमारे 25 मिलिइलेक्ट्रॉनव्होल्टची. पहिली जोडी ती सहज तोडते, दुसरी टिकून राहते. लेसरची दुप्पट ऊर्जा या टिकलेल्या जोडीच्या ऊर्जेशी जुळली की, नवा प्रकाश अनेक पटींनी वाढतो.

तात्पर्य, घटक सुटे मोजून समूहाचे वर्तन कळत नाही. त्यांचे परस्परसंबंधही मोजावे लागतात. आमच्या विद्यार्थ्यांपैकी जे प्रयोगशाळेत जातील, त्यांनी एवढे ध्यानी ठेवावे आणि फिका ठिपका दिसला, तर पुसण्यापूर्वी तो मोजून पाहावा.