टॅगवरचं हिरवं पान आणि गाठीतला कापूस

लातूरच्या गंजगोलाईला १६ रस्ते येऊन मिळतात. दिवाळीच्या तोंडावर त्यातल्या कुठल्याही रस्त्यावरच्या कापड दुकानात शिरा, काउंटरपलीकडचा पोरगा शर्टाच्या घड्या उलगडत बोलत असतो. "मावशी, प्युअर कॉटन आहे बघा. रंग गेला तर परत आणा." हल्ली त्याच्या बोलण्यात एक भर पडली आहे. बटणाला लटकलेला खाकी पुठ्ठ्याचा टॅग तो उलटा करून दाखवतो. त्यावर एक हिरवं पान असतं आणि खाली 'इको फ्रेंडली' किंवा 'सस्टेनेबल' असा शब्द. मावशी शिवण ताणून बघतात, कापड उजेडाला धरतात, किंमत विचारतात. घरी गेल्यावर टॅग कात्रीने कापला जातो आणि केरात पडतो.

ते पान तिथे कुणी लावलं? उत्पादकाने, स्वतःहून. शर्ट पर्यावरणाला किती महाग पडला हे छापण्याची सक्ती भारतात नाही. जे छापलं जातं ते ऐच्छिक. ऐच्छिक म्हणजे खोटं असं नव्हे. पण त्यात काटेकोर तपासणीतून मिळालेलं चिन्ह असतं, तसंच छापखान्यात डिझायनरने सहज टाकलेलं पानही. दुकानातल्या रांगेत दोन्ही शेजारी-शेजारी लटकतात.

याच जिल्ह्यात एक कापड मात्र असं विणलं जातं, ज्याची वाट गावांच्या नावांसकट सांगता येते. मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीच्या उदगीर केंद्रात राष्ट्रध्वजाची खादी तयार होते. प्रक्रियेसाठी ती अहमदाबादला जाते, तिथून नांदेडला येते आणि नांदेडात तिचा तिरंगा शिवला जातो. हैदराबाद मुक्तिसंग्रामातल्या कार्यकर्त्यांनी उभी केलेली ही संस्था. ध्वजाची खादी करणारी ठिकाणं देशात हाताच्या बोटांवर मोजावीत इतकीच. त्यातलं दुसरं ठळक नाव हुबळीजवळच्या बेंगेरीचं.

हा ध्वज 'आयएस १' या मानकाने बांधलेला आहे. भारतीय मानकांच्या यादीत पहिला क्रमांक त्याचाच. कापडाचं वजन किती, ताण्यात आणि बाण्यात धागे किती, ओढल्यावर किती जोराला फाटावं, उन्हात आणि धुण्यात रंग किती टिकावा, हे सगळं त्यात लिहिलेलं आहे. आकार नऊच, सगळ्यात मोठा ६३०० बाय ४२०० मिलिमीटर, सगळ्यात लहान १५० बाय १००. शिवाय २०१३च्या 'खादी मार्क' नियमांनुसार हे चिन्ह नसलेलं कापड खादी म्हणून विकताच येत नाही. सूत हाताने कातलेलं आणि कापड हाताने विणलेलं आहे, याची ती सरकारी खूण.

इतकं सगळं मोजूनही एक प्रश्न या मानकाने विचारलेलाच नाही. सुतातला कापूस कुठल्या शेतातला आणि तो कसा पिकवला? खादी संस्थांना पेळू पुरवण्यासाठी खादी आयोगाचे कारखाने चित्रदुर्ग, सिहोर, रायबरेली अशा गावांत आहेत. पेळू हातात येतो तोवर शेताचा माग पुसला गेलेला असतो. लेबलाची गोम हीच आहे. त्याला जे विचारलं, तेवढ्याचंच ते उत्तर देतं.

दुकानात भेटणारी चिन्हं या नजरेने पाहिली की त्यांची भाषा उलगडते. 'ओईको-टेक्स स्टँडर्ड १००' हे १९९२पासूनचं चिन्ह तयार कापड तपासतं. अंगाला लागणाऱ्या कापडात घातक रसायनं मर्यादेपलीकडे नाहीत, एवढीच त्याची हमी. शेतात किती फवारण्या झाल्या याच्याशी त्याला देणंघेणं नाही. 'गॉट्स' म्हणून ओळखलं जाणारं सेंद्रिय कापडाचं जागतिक मानक बरंच मागे जातं. कमीत कमी ७० टक्के धागा सेंद्रिय हवा, नुसतं 'सेंद्रिय' म्हणायचं तर ९५ टक्के. शिवाय रंगाईची रसायनं, सांडपाणी आणि कामगारांच्या अटीही त्यात येतात. 'बेटर कॉटन' तिसऱ्याच जातीचं. त्यात कापूस सेंद्रिय असण्याची अट नाही. पाणी, कीटकनाशकं आणि मजुरांना मिळणारी वागणूक यांत सुधारणा व्हावी हा हेतू. आणि अनेक वर्षं त्याचा हिशेब गावच्या डेअरीसारखा चालला.

डेअरीत दहा घरचं दूध एकाच कॅनमध्ये ओततात. त्यात २० लिटर देशी गाईचं होतं, असं वहीत लिहिलं. संध्याकाळी कुणी २० लिटर 'गाईचं' म्हणून नेलं, तर वही जुळते. पण त्याच्या पातेल्यात नेमकं कुठलं दूध आलं ते कुणालाच सांगता येत नाही. कंपनीने 'बेटर' कापूस जितका विकत घेतला तितक्याचा दावा तिने करावा, शर्टातला धागा मात्र कुठलाही असू शकतो, अशी ही पद्धत. प्रत्यक्ष माग काढता येईल असा कापूस या उपक्रमाने २०२३मध्ये आणला. फसवणूक म्हणावी असं यात काही नाही, पण टॅग वाचणाऱ्याला ही वही दिसत नाही.

कापसाचं कॅन म्हणजे जिनिंग.

नांदेड जिल्ह्यातल्या भोकर, हदगाव, किनवटच्या शिवारात दिवाळीच्या आगेमागे वेचणी सुरू होते. कंबरेला ओटी बांधलेल्या बाया पऱ्हाटीतून पुढे सरकत जातात, मजुरी किलोवर. वेचलेला कापूस घरातल्या एका खोलीत छतापर्यंत रचला जातो आणि भाव बरा वाटला की टेम्पोत भरून जिनवर येतो. तिथे तो ज्या ढिगावर पडतो, तिथवरच तो या शेतकऱ्याचा. सरकी वेगळी काढल्यावर क्विंटलमागे साधारण ३४ किलो रुई उरते आणि गाठ असते १७० किलोंची. म्हणजे एका गाठीला पाच क्विंटल कापूस लागतो. दोन-तीन एकरवाल्याचा एका वेचणीचा कापूस गाठभरही होत नाही. एकाच गाठीत चार शेतकरी, दोन गावं आणि तीन कंपन्यांचं बियाणं सहज असतं. पुढे सूतगिरणीत अशा कित्येक गाठी एकमेकींत मिसळतात. कापसाची ओळख सांगणारं कुठलंही लेबल टिकायचं असेल तर ते या ढिगाच्या आधी वेगळं पडायला हवं. वेगळा ढीग, वेगळी पाळी, मधे यंत्रांची साफसफाई, वेगळी वही. खर्च सगळा इथेच येतो.

आणि खोटेपणाही इथूनच शिरतो. ऑक्टोबर २०२०मध्ये गॉट्सच्याच तपासात उघड झालं की भारतातला सुमारे २०,००० टन कापूस खोट्या कागदांच्या जोरावर सेंद्रिय ठरवला गेला होता. मालाबरोबर हातोहात पुढे जाणारे व्यवहार दाखले बनावट होते. ११ कंपन्यांवर बंदी आली. कापूस हातात घेऊन तो सेंद्रिय आहे की नाही हे सांगता येत नाही. प्रयोगशाळेत बीटीचा, म्हणजे जनुकीय बदल केलेल्या बियाण्याचा, अंश सापडतो, काही औषधांचे अवशेष सापडतात. बाकी सगळी भिस्त कागदावर.

बीटीचा मुद्दा मराठवाड्याला थेट लागू पडतो. भारतात बीटी कापसाला २००२मध्ये परवानगी मिळाली आणि काही वर्षांतच कापसाखालचं जवळजवळ सगळं रान त्याने व्यापलं. सेंद्रिय उत्पादनाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात जनुकीय बदल केलेल्या बियाण्याला मज्जाव आहे. त्यामुळे किनवटच्या एखाद्या शेतकऱ्याने फवारणी पूर्ण थांबवली तरी बियाणं बीटी असेल तर तो सेंद्रियच्या दारातच अडतो. बिगर-बीटी बियाणं मिळवायचं, निदान दोन वर्षं रूपांतराचा काळ काढायचा, त्या काळात उतारा घटला तरी माल साध्या भावाने विकायचा, आणि प्रमाणपत्रासाठी गट करून प्रत्येक शेताची डायरी ठेवायची. सीमेपलीकडच्या आदिलाबाद भागात 'चेतना ऑरगॅनिक'ने असे गट बांधले. तिथलं रान, पीक आणि पाऊस किनवटपेक्षा फार वेगळा नाही. फरक गटाचा आणि वहीचा आहे.

नांदेडच्या गाठीशी मात्र या बाबतीत जुनी पुंजी आहे. निजामाच्या राज्यात इथला गावरान कापूस 'गावराणी' नावाने ओळखला जाई, आणि नांदेडच्या कापूस संशोधन केंद्रात त्याचे निवडक वाण तयार झाले. बीटीच्या आधीच्या पिढीतले शेतकरी याच केंद्राचा 'नांदेड ४४' अजून नावाने आठवतात. परभणीच्या कृषी विद्यापीठाने देशी कापसाचे लांब धाग्याचे वाण काढले. देशी वाण रसशोषक किडींना दाद देत नाहीत आणि कोरडवाहू रानात तग धरतात. शेतापासून सुरू होणारं लेबल या भागात कधी आलंच, तर त्याचं बियाणं इथल्याच कपाटात आहे.

पाण्याचा हिशेब आणखी गुंतागुंतीचा. एका सुती टी-शर्टला २,७०० लिटर पाणी लागतं, हा आकडा जगभर फिरतो. एप्रिल २०१६च्या दुष्काळात मिरजेहून पाण्याची 'जलदूत' रेल्वे लातूरला आली. पहिल्या खेपेला दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी होतं. त्या हिशेबाने ती अख्खी गाडी दोनशे टी-शर्टांनाही पुरली नसती. तुलना चटका लावणारी आहे, पण तशीच सोडली तर दिशाभूल करते. मराठवाड्यातला बहुतेक कापूस पावसावर येतो. त्याने प्यायलेलं पाणी मृग-आर्द्राच्या सरींचं, एरवीही त्याच जमिनीत मुरणारं. कालव्यातून किंवा बोअरमधून उपसलेलं पाणी वेगळं आणि कापड रंगवताना नासलेलं त्याहून वेगळं. टॅगवर तिन्हींची एकच बेरीज छापली, तर कोरडवाहू शेतकऱ्याचा कापूस आणि धरणाच्या पाण्यावरचा कापूस एकाच मापात बसतात.

सरासरीचा हा घोळ परदेशातही नडला. कपड्यांच्या मोठ्या ब्रँडांनी मिळून 'हिग इंडेक्स' नावाची मोजपट्टी तयार केली होती. जून २०२२मध्ये नॉर्वेच्या ग्राहक प्राधिकरणाने ठरवलं की तिच्या सरासरी आकड्यांच्या आधारे एखादा विशिष्ट टी-शर्ट पर्यावरणाला बरा आहे असं सांगणं ग्राहकाची दिशाभूल करणारं आहे. फ्रान्सने मग सरकारी सूत्र आणलं. १ ऑक्टोबर २०२५पासून तिथे कपड्याचा 'पर्यावरणीय खर्च' गुणांत दाखवता येतो. लावायचा की नाही हे ब्रँडच्या मर्जीवर, पण दाखवायचा असेल तर पद्धत सरकारचीच. गुण जितके जास्त, तितका भार मोठा. कापड धुताना सुटणारे सूक्ष्म धागेही त्यात मोजतात आणि कपडा किती काळ वापरात राहील याचाही अंदाज धरतात.

भारतही या वाटेवर नवखा नाही. केंद्र सरकारने १९९१मध्येच 'इकोमार्क' काढला होता. त्याचं चिन्ह होतं मातीचा माठ, आणि ज्या मालाला तो मिळू शकत होता त्यात कापडही होतं. परवाने फारच थोड्यांनी घेतले. दिसत नाही म्हणून गिऱ्हाईक मागत नव्हतं, मागत नाही म्हणून कंपनी घेत नव्हती. सप्टेंबर २०२४मध्ये इकोमार्कचे नवे नियम आले. पुढच्याच महिन्यात, १५ ऑक्टोबरला, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने हिरव्या दाव्यांविषयी मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. पुराव्याशिवाय 'ग्रीन', 'इको फ्रेंडली' असं मोघम काही छापता येणार नाही. पुरावा टॅगवर किंवा क्यूआर कोडमागे ग्राहकाला बघता आला पाहिजे. तक्रारीसाठी १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे.

गंजगोलाईतल्या त्या मावशींना एवढं सगळं लक्षात ठेवायची गरज नाही. टॅगवर प्रमाणपत्राचा क्रमांक आणि तपासणाऱ्या संस्थेचं नाव आहे का, एवढं पाहिलं तरी निम्मी पानं गळतात. गॉट्स आणि ओईको-टेक्स या दोन्हींचे क्रमांक त्यांच्या संकेतस्थळावर टाकून तपासता येतात. उरलेला प्रश्न दुकानदारालाच विचारावा: हे पान कापसाबद्दल बोलतंय, रंगाबद्दल, की पुठ्ठ्याबद्दल? कधी कधी ते खरोखर पुठ्ठ्याबद्दलच असतं.

खुद्द ध्वजाच्या बाबतीतही लेबलाची पकड सैल झालीच. ३० डिसेंबर २०२१ला ध्वजसंहिता बदलली आणि पॉलिएस्टरच्या, यंत्रावर केलेल्या तिरंग्यांनाही मुभा मिळाली. पुढच्या वर्षीच्या 'हर घर तिरंगा'त चौकाचौकात स्वस्त झेंडे आले. हुबळीच्या खादी कामगारांनी निषेध केला. एका बाजूला आयएस १चा, धागा मोजलेला ध्वज, दुसऱ्या बाजूला चकचकीत पॉलिएस्टरचा. दांडीवर चढल्यावर लांबून दोन्ही सारखेच फडकतात.

कापसाच्या बाजूने मात्र माग काढण्याचं काम सुरू झालं आहे. भारतीय कापूस महामंडळाच्या, म्हणजे सीसीआयच्या, गाठींवर आता क्यूआर कोड लागतो. 'कस्तुरी कॉटन भारत' या नावाने निवडक भारतीय कापसाची ओळख तयार केली जात आहे. कस्तुरीत धाग्याची लांबी, मजबुती, कचऱ्याचं प्रमाण असे दर्जाचे निकष पाहिले जातात.

हंगामात सीसीआयच्या खरेदी केंद्राबाहेर टेम्पोंची रांग लागते. नंबर आला की केंद्रावरचा माणूस पुढे येतो, कापसाच्या ढिगात मीटर खुपसतो आणि आकडा वाचतो. आठपर्यंत ओलावा असेल तर पूर्ण भाव, पुढे टक्क्याटक्क्याला कपात, बाराच्या वर गेला की माल परत. शेतकऱ्याची नजर त्या आकड्यावर खिळलेली असते. मग काटा होतो, पावती फाटते. वजन, ओलावा, प्रत, भाव. फवारण्या किती झाल्या, बियाणं कुठलं, पाणी पावसाचं की बोअरचं, हे त्याला सगळं तोंडपाठ असतं, पण त्यासाठी पावतीवर रकाने नाहीत. मागचा टेम्पो हॉर्न वाजवतो आणि कापूस ढिगावर ओतला जातो.