लाजेपायी लपलेले दुखणे

शिरढोण हे आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचे जन्मगाव. या गावाला कर्करोगाचे उपचार दूर नाहीत. टाटा स्मारक केंद्राचे खारघरचे उपचार केंद्र याच पनवेल तालुक्यात आहे; परळचे टाटा रुग्णालय तर १९४१ पासून उभे आहे. पण एका कर्करोगाचा रुग्ण तिथवर यायलाच महिनोन् महिने लावतो. तो म्हणजे पुरुषाच्या लिंगाचा कर्करोग. जे बायकोलाही सांगवत नाही, ते डॉक्टरांना कसे दाखवायचे?

न भरणारी जखम, गाठ, कातडीखालून येणारे रक्त किंवा घाण वासाचा स्राव ही त्याची लक्षणे. माणूस गुप्तरोग समजून मलमे लावत बसतो. कातडी मागे न सरणे, अस्वच्छता, तंबाखू आणि एचपीव्ही विषाणू यांनी धोका वाढतो. त्यावरून कुणाच्या चारित्र्याचा निवाडा करू नये.

लवकर निदान झाले तर पुष्कळदा अवयव वाचवता येतो. उशीर झाला की रोग जांघेतल्या गाठींत उतरतो. पूर्ण लिंग काढावे लागल्यास लघवीचा मार्ग खाली वळवतात. मग बसून लघवी करावी लागते. जांघेतल्या गाठी काढल्यावर पायांना सूज येऊ शकते. नळी निघते, जखम भरते. मन सावरायला मात्र वेळ लागतो. इच्छा संपत नाही, जवळीकही संपत नाही. म्हणून पत्नीला पहिल्या भेटीपासून बरोबर न्यावे, समुपदेशन मागून घ्यावे.

घरातल्या पुरुषाने असे काही चाचरत सांगितले, तर ‘बघू पुढे’ म्हणू नका. त्याच आठवड्यात त्याला डॉक्टरांकडे न्या.