संगणकांचे जाळे व सर्व्हरच्या सेवा

प्राथमिक शाळांत संगणक येऊन आता बराच काळ लोटला आहे. यू-डायस प्लसवर विद्यार्थ्यांची माहिती भरणे, दीक्षावरील पाठ वर्गात दाखविणे ही कामे शिक्षकांच्या अंगवळणी पडली आहेत. या प्रत्येक कामात शाळेतील यंत्र दूरच्या दुसऱ्या यंत्राकडे काहीतरी मागत असते. ‘सर्व्हर डाऊन आहे’ हे वाक्य तर शाळाशाळांतून ऐकू येते. तथापि सर्व्हर म्हणजे नेमके काय, तो कोणती कामे करतो आणि त्याच्या कामात माणसाची जबाबदारी कोठे सुरू होते, याचा विचार सहसा होत नाही. विद्यार्थ्यांच्या नोंदी ज्यांच्या हाती आहेत, त्यांनी तो करणे अगत्याचे आहे.

१. कार्यप्रणाली

संगणकाची स्मृती, डिस्क, पडदा, कळफलक ही साधने कोणत्या कामाला केव्हा व किती वेळ द्यावयाची, हे ठरविणाऱ्या मूळ आज्ञावलीस ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजेच कार्यप्रणाली, असे म्हणतात. शाळेचे वेळापत्रक, वर्गखोल्यांची वाटणी आणि कपाटांच्या किल्ल्या ही जशी मुख्याध्यापकांकडे असतात, तसेच हे आहे.

एकच यंत्र असेल तोवर प्रश्न थोडे असतात. दहा यंत्रे तारांनी वा बिनतारी जोडणीने एकत्र आली, की निराळेच प्रश्न उभे राहतात. यंत्रासमोर बसलेली व्यक्ती कोण आहे? तिने कोणते कागद पाहावेत व कोणते पाहू नयेत? दोघांनी एकाच वेळी छपाईस दिले, तर आधी कोणाचे छापावे? हे प्रश्न सोडविणारी कार्यप्रणाली ती नेटवर्क ऑपरेटिंग सिस्टिम होय.

२. थोडा पूर्वेतिहास

अनेकांनी एकच यंत्र शिस्तीने वापरावे, हा विचार जुना आहे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९६९ साली सुरू झालेल्या युनिक्स प्रणालीत प्रत्येकाचे स्वतंत्र खाते आणि प्रत्येक फाइलीवर परवानगीचे नियम होते. पुढे घरोघरी व कचेऱ्यांत छोटे संगणक आले. परंतु डिस्क व छपाईयंत्रे महाग होती. ती सर्वांनी मिळून वापरता यावीत, या गरजेतून नॉव्हेल कंपनीची नेटवेअर प्रणाली १९८३ साली पुढे आली आणि पुष्कळ वर्षे तिचा बोलबाला राहिला. १९९१ साली लिनक्सचा आरंभ झाला, १९९३ साली विंडोज एनटी आली, आणि नेटवेअर मागे पडली. आज साध्या कार्यप्रणालीतही जाळ्यात बोलण्याची सोय असते. म्हणून जुना भेद पुसट झाला आहे. सेवा मात्र त्याच आहेत.

३. सर्व्हरच्या मुख्य सेवा

सर्व्हर म्हणजे एखादे मोठे, थंड खोलीत ठेवलेले यंत्र, असा समज आढळतो. वस्तुतः सर्व्हर म्हणजे सेवा देणारा. मागणी येताच ती पुरविण्यासाठी सदैव सज्ज असणारी आज्ञावली हाच खरा सर्व्हर. एका यंत्रात असे दहा सेवक नांदू शकतात.

(अ) पत्ता व नाव. जाळ्यात येणाऱ्या प्रत्येक यंत्रास अंकांचा एक पत्ता लागतो. तो आपोआप देणारी सेवा म्हणजे डीएचसीपी. हा पत्ता कायमचा नसून मुदतीने मिळतो. मुदत संपली व यंत्र परतले नाही, तर तो दुसऱ्यास देता येतो. अंक माणसाच्या ध्यानात राहत नाहीत, म्हणून नावावरून पत्ता सांगणारी सेवा लागते; ती डीएनएस. पूर्वी अमेरिकेतील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत सर्व यंत्रांच्या नावांची एकच यादी ठेवली जाई व तिची प्रत जो तो उतरून घेई. यंत्रे वाढली तशी ती यादी पुरेनाशी झाली. तेव्हा १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी ज्याच्या त्याच्या हद्दीतील नावे ज्याने त्याने सांभाळावीत, अशी रचना मांडली. आजही तीच चालते.

(आ) ओळख. खाते व पासवर्ड तपासणे हे या सेवेचे काम. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत तयार झालेल्या केर्बेरोस पद्धतीत पासवर्ड जाळ्यातून पाठविलाच जात नाही. ओळख पटली, की ठरावीक मुदतीचे तिकीट मिळते व ते दाखवून पुढील कामे होतात. मुदत मोजावयाची म्हणजे घड्याळे जुळली पाहिजेत. यंत्रांच्या घड्याळांत सामान्यतः ५ मिनिटांहून अधिक अंतर पडले, तर तिकीट नाकारले जाते. म्हणून वेळ सांगणारी स्वतंत्र सेवाही ठेवावी लागते.

(इ) फाइली व परवानग्या. कागद एका ठिकाणी ठेवून अनेकांना ते पुरविणे ही सर्वांत उपयुक्त सेवा होय. युनिक्स व लिनक्स यांत प्रत्येक फाइलीबाबत तीन जणांचा विचार केलेला असतो: फाइलीचा धनी, त्याचा गट आणि इतर सर्व. उदाहरणार्थ, गुणपत्रक वर्गशिक्षकाने लिहावे, इतर शिक्षकांनी केवळ वाचावे, आणि विद्यार्थ्यांना ते उघडताच येऊ नये, अशी योजना करता येते.

(ई) छपाई. आलेले कागद रांगेत लावून एकेक छापणे, एवढेच हे काम आहे.

४. नॉर्वेतील शाळांचे उदाहरण

नॉर्वे देशात २००१ साली काही स्वयंसेवकांनी शाळांसाठी स्कोलेलिनक्स नावाचा प्रकल्प सुरू केला. मुलांना संगणक आपल्या भाषेत वापरता यावा आणि जुनी यंत्रे टाकून द्यावी लागू नयेत, हे त्यामागील हेतू होते. आज तो डेबियन एज्यु या नावानेही ओळखला जातो. या रचनेत शाळेच्या मुख्य सर्व्हरला ‘त्येनर’ असे नाव आहे. नॉर्वेच्या भाषेत या शब्दाचा अर्थ सेवक असाच होतो. वर सांगितलेल्या बहुतेक सर्व सेवा हा एकच सेवक देतो. विद्यार्थ्याचे काम त्याच्या बाकावरील यंत्रात न राहता त्येनरवर राहते. त्यामुळे मूल कोणत्याही यंत्रासमोर बसले, तरी आपले खाते उघडून कालचा निबंध पुढे लिहू शकते. ज्या जुन्या यंत्रात डिस्कच नाही, तेही सर्व्हरच्या आधाराने चालू होते.

या सोयीचीच दुसरी बाजू ध्यानात घ्यावयास हवी. सर्वांचे सर्व काही एका ठिकाणी आले, म्हणजे ते एक ठिकाण बिघडले असता सर्वांचेच नुकसान होते. स्कोलेलिनक्समध्ये महत्त्वाच्या माहितीची प्रत आपोआप निघते. परंतु मूळ योजनेनुसार ती त्याच यंत्रात राहते. चुकून पुसलेली फाइल त्यामुळे परत मिळेल; डिस्क निकामी झाल्यास मात्र ही प्रत वाचवू शकणार नाही, असा स्पष्ट इशारा प्रकल्पाच्या माहितीपुस्तिकेतच दिलेला आहे. मूळ दस्त व त्याची नक्कल एकाच पेटीत ठेवली, तर पेटी जळाल्यावर दोन्ही जातात.

५. शिक्षकांनी ध्यानात ठेवावयाच्या गोष्टी

सर्व्हर नियम पाळतो. नियम ठरविणे त्याच्याकडे नसते. दिलेल्या खात्यातून कोणी काय लिहिले, याची नोंद तो ठेवू शकेल. पण एकच खाते पाच जण वापरीत असतील, आणि त्याचा पासवर्ड भिंतीवर चिकटविलेला असेल, तर त्या नोंदीला अर्थ राहत नाही. जनरल रजिस्टरातील जन्मतारखेची एक चूक मुलाला जन्मभर भोवते, हे प्रत्येक शिक्षक जाणतो. वहीत खाडाखोड दिसते, अक्षर ओळखता येते. संगणकात हाताचे अक्षर नसते. तेथे खाते हीच सही होय.

यास्तव पुढील गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात. आपले खाते दुसऱ्यास, मग तो कितीही विश्वासातला असो, वापरू देऊ नये. काम संपताच खात्यातून बाहेर पडावे. बदलून गेलेल्या शिक्षकाचे खाते बंद झाले की नाही, हे मुख्याध्यापकांनी पाहावे. मुलांची माहिती ज्यास कामापुरती लागते, त्यासच ती खुली असावी. महत्त्वाच्या नोंदींची एक प्रत निराळ्या यंत्रात व निराळ्या जागी ठेवावी, आणि ती उघडते की नाही, हे अधूनमधून उघडून पाहावे. कारण गरज पडेपर्यंत न तपासलेल्या प्रतीचा भरवसा धरता येत नाही.

वरच्या वर्गातील मुलांनाही हा विषय सहज समजाविता येईल. एका मुलाने पत्ते सांगावेत, दुसऱ्याने ओळख पटवून चिठ्ठी द्यावी, तिसऱ्याने चिठ्ठी पाहूनच वही काढून द्यावी, आणि बाकीच्यांनी मागणी करावी. चिठ्ठीवाचून वही का मिळत नाही, हे ज्या मुलाला खेळात उमगले, त्याला पासवर्डाचे महत्त्व निराळे सांगावे लागणार नाही.