नववा लागला की सल्ले सुरू होतात

पहिलं बाळंतपण माहेरी, हा नांदेड-लातूरकडच्या बहुतेक घरांचा अजूनही नेम आहे. लेक आली की मावश्या, काकू, शेजारणी येऊन पोटाकडे बघतात आणि सांगू लागतात. तिनं दोरीवर ओलं लुगडं टाकायला हात वर केला, की ओट्यावरून आवाज येतो : "माय, काय करलालीस? हात खाली घे, नाळ गळ्यात पडंल!"

नाळेचा वेढा साधारण दर चार-पाच बाळांत एकाच्या गळ्याभोवती सापडतो. पाण्यात गिरक्या घेताना बाळ तो स्वतःच घालून घेतं, आईच्या हातांशी त्याचा संबंध नाही. बहुतेक वेळा डोकं बाहेर आल्यावर डॉक्टर किंवा नर्स तो बोटानं सोडवतात. तरी या सल्ल्यावरून भांडू नये. लुगडं दुसरं कुणी वाळत घालत असेल तर बरंच आहे.

ग्रहणाचंही तसंच. विळी धरली म्हणून बाळाचा ओठ फाटत नाही. ओठ दुसऱ्या महिन्याच्या आसपासच जुळून आलेला असतो, नवव्यात तो फाटणार कसा? घरात बसवलं तर बसावं, पण उपाशी-तहानलेलं राहू नये. 7 सप्टेंबर 2025च्या खग्रास चंद्रग्रहणाचे वेध दुपारीच लागले आणि ग्रहण सुटलं मध्यरात्रीनंतर दीडच्या सुमारास. दिवस भरत आलेल्या बाईनं एवढा वेळ पाण्याविना काढायचा? पंचांगातही गर्भवतीला वेधांत सूट असते, हे घरातल्या थोरांना जरूर दाखवावं.

वाद घालायचाच तर पुढच्या गोष्टींवर घालावा.

'सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही.' हे उलटं आहे. पोटातल्या प्रत्येक जादा आठवड्यानं बाळाची जगण्याची शक्यता वाढते, कारण फुप्फुसं अगदी शेवटी तयार होतात. 34 आठवड्यांच्या आत कळा सुरू झाल्या तर आईला स्टेरॉइडची इंजेक्शनं देतात, ती बाळाची फुप्फुसं लवकर तयार व्हावीत म्हणून. आठव्यात कळा आल्यावर 'आता काय उपयोग' म्हणून घरी थांबणं म्हणजे हीच संधी घालवणं. गंमत अशी, की आठव्याला भिणारी माणसंच पुढे मुहूर्त काढून सदतिसाव्या आठवड्यात सिझर करा म्हणतात. काही वैद्यकीय कारण नसेल तर ठरवून करायचं सिझर 39 आठवडे भरल्यावर करावं. त्याआधी काढलेल्या बाळाला धाप लागण्याचा धोका जास्त असतो, आणि मुहूर्त कितीही चांगला असला तरी त्यात फरक पडत नाही.

'कमी खा, बाळ मोठं झालं तर सिझर होईल.' हा सल्ला मायेपोटीच येतो आणि नुकसान करतो. सुटका कशी होणार हे बाळाच्या वजनाइतकंच त्याच्या डोक्याच्या स्थितीवर, आईच्या कटीवर आणि कळांच्या जोरावर ठरतं. आपल्याकडे बाळं मुळात लहान. पुण्याच्या केईएम रुग्णालयानं 1990च्या दशकात जवळच्या खेड्यांत केलेल्या अभ्यासात दिवस भरून जन्मलेल्या बाळांचं सरासरी वजन 2.7 किलो भरलं, इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टनच्या बाळांचं 3.5 किलोच्या आसपास. त्याच अभ्यासात दूध, पालेभाज्या आणि फळं जास्त वेळा खाणाऱ्या आयांची बाळं वजनानं बरी निघाली. शेवटच्या आठवड्यांत बाळ दर आठवड्याला दोनशे ग्रॅमच्या आसपास भरतं, आणि नेमकं तेव्हाच आपण ताटातली भाकरी कमी करतो. लोहाच्या गोळ्यांनी बाळ काळं होतं म्हणून त्याही बंद करतात. गोळीनं आईची शी काळी होते, बाळाचा रंग बदलत नाही. बाळंतपणात रक्त जातंच, आणि अंगात आधीच रक्त कमी असेल तर थोडं गेलेलंही भारी पडतं. गोळी चहासोबत मात्र नको, लिंबूपाण्यासोबत चालेल.

सगळ्यांत घातक समजूत : 'दिवस भरले की बाळ गप होतं.' जागा कमी पडल्यानं लाथांऐवजी ढुशा जाणवतात हे खरं, पण हालचाली कमी होत नाहीत. शंका आली तर डाव्या कुशीवर पडून मोजाव्यात. दोन तासांत दहा भरल्या नाहीत तर लगेच दवाखान्यात जावं, सकाळची वाट पाहू नये.

तुपानं वाट निसरडी होत नाही. तूप आतड्यात जातं, गर्भपिशवीत नाही. दुधात चमचाभर आवडीनं घ्यावं, पण एरंडेल नको. त्यानं जुलाब होतात, आणि मराठवाड्याच्या उन्हाळ्यात आधीच पाणी कमी पडतं.

पायांवरची सूज बहुतेक वेळा साधी असते. तोंडावर, हातांवर सूज, डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे अंधारी येणं साधं नाही. तेव्हा लगेच रक्तदाब बघावा, 140/90 म्हणजे दवाखाना.

तारीख म्हणाल तर ती शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून 280 दिवस मोजून काढलेली असते. नेमक्या त्या दिवशी शंभरात चार-पाचच बाळंत होतात. 41 आठवडे झाले की मात्र डॉक्टरांशी कळा आणण्याबद्दल बोलावं लागतं. पाणी गेलं तर कळा नसल्या तरी निघावं, आणि ते हिरवट असेल किंवा लालभडक रक्त जात असेल तर घाई करावी. खोट्या कळा फिरल्या-पडल्यावर थांबतात. खऱ्या वाढत जातात आणि त्यांच्यातलं अंतर कमी होत जातं.

'सरकारीत नेलं तरी सिझरला पैसे लागतातच', हा आणखी एक समज. 2011पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यातली प्रसूती, सिझर, औषधं, तपासण्या, गरज पडल्यास रक्त, जेवण आणि घरून नेणं-आणणं मोफत आहे. नांदेडला विष्णुपुरीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा लातूरच्या विलासराव देशमुख संस्थेत पाठवलं तरी तोच नियम. किनवट-माहूरच्या तांड्यावरून नांदेड गाठायला तासन्‌तास लागतात. म्हणून आशाताईला आधीच विचारून ठेवावं, की रात्री 102 किंवा 108ला फोन केला तर गाडी कुठून येते आणि आधी जवळच्या कुठल्या दवाखान्यात न्यायचं. माता-बाल संरक्षण कार्ड, सोनोग्राफीचे कागद आणि रक्तगटाची चिठ्ठी एकाच पिशवीत ठेवावी, आणि ती पिशवी कुठं आहे हे नवऱ्यालाही माहीत असावं.