गो-टू दुर्बीण चुकते तेव्हा नेमकं काय चुकलेलं असतं?

गो-टू दुर्बीण घेतलेल्यांचा एक प्रश्न मला सारखा येतो: 'गुरू दाखव म्हटलं तर भलतीकडेच जाते. बिघडली का?' बहुतेक वेळा नाही. आज आपण ती डीबग करायला शिकू. उदाहरणाला सेलेस्ट्रॉनची नेक्सस्टार ६ एसई घेऊ. आरसा १५० मिलिमीटरचा, नाभीय अंतर १५०० मिलिमीटर आणि हँडसेटमध्ये जवळजवळ ४०,००० वस्तूंची यादी.

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की करा. ही दुर्बीण आंधळी आहे. मोटर किती फिरली हे एन्कोडर मोजतो, पण आकाशात काय आहे हे तिला दिसत नाही. लाइट गेल्यावर आपण घरात चाचपडतो ना, अगदी तसं. दाराची चौकट आणि कपाटाचा कोपरा हाताला लागला की बाकीचं घर डोक्यात उभं राहतं. अलाइनमेंटचे दोन तारे म्हणजे ती चौकट आणि तो कोपरा. चौकट समजून खिडकी धरलीत, तर पुढचं सगळंच चुकणार.

म्हणून चूक कशी दिसते ते बघा. त्यावरून कारण सापडतं.

लक्षण पहिलं: 'अलाइन फेल्ड' असा मेसेज येतो. हिवाळ्यात समजा तुम्ही व्याध आणि ब्रह्महृदय निवडले. दोघांत सुमारे ६६ अंशांचं अंतर आहे. पण व्याध समजून तुम्ही राजन्य मधोमध आणलात, तर मोटरच्या हिशोबाने अंतर भरतं ५४ अंश. हँडसेटचं गणित जुळत नाही. म्हणजे सॉफ्टवेअर बरोबर आहे, तारा चुकलाय. आधी फोनवरच्या आकाशनकाशात तारा ओळखून घ्या.

लक्षण दुसरं: तारे बरोबर सापडतात, पण चंद्र आणि ग्रह सापडत नाहीत. इथे तारीख तपासा. हँडसेट अमेरिकन पद्धतीने आधी महिना, मग दिवस मागतो. ५ जानेवारी आपल्या सवयीने ०५/०१ भरलीत की तिच्यासाठी झाला १ मे! तारे एकमेकांच्या तुलनेत जागच्या जागी असतात, त्यामुळे दोन तारे नीट दिले की वेळेतली चूक ताऱ्यांपुरती खपून जाऊ शकते. चंद्र मात्र ताऱ्यांमधून रोज सुमारे १३ अंश सरकतो. तिथे चूक लगेच उघडी पडते. आपल्याकडे 'डेलाइट सेव्हिंग' नाही, तेव्हा 'स्टँडर्ड टाइम'च निवडा. 'युनिव्हर्सल टाइम' निवडलात तर घड्याळातून साडेपाच तास वजा करा: रात्रीचे ८ म्हणजे १४:३०.

लक्षण तिसरं: वस्तू दरवेळी मध्यापासून थोडी बाजूला येते. हा गिअरमधल्या मोकळ्या जागेचा, म्हणजे बॅकलॅशचा परिणाम असू शकतो. अलाइनमेंट करताना तारा मधोमध आणायची शेवटची हालचाल 'वर' आणि 'उजवीकडे' याच बटणांनी करा. दुर्बीण स्वतःही शेवटी त्याच दिशेने येते, त्यामुळे गिअरचे दाते त्याच बाजूला टेकलेले राहतात. शिवाय २५ मिलिमीटरच्या आयपीसने ६० पट मोठं दिसतं, १० च्या आयपीसने १५० पट. तारा मधोमध आणायला दुसरा वापरा; मध्य किती हुकलाय ते लगेच कळतं.

लक्षण चौथं: एका भागात नेम अचूक, दुसऱ्या भागात ढिला. अलाइनमेंटचे तारे बहुधा एकमेकांच्या फार जवळ होते. सगळं पहिल्यापासून करायची गरज नाही. जिथे बघताय तिथला एखादा ठळक तारा मधोमध आणा आणि जुन्या अलाइनमेंट ताऱ्याच्या जागी तो द्या.

आता 'प्रिसाइज गो-टू'. शहरातून अंधूक तेजोमेघ शोधताना मोठा घोळ होतो. काहीच दिसत नाही, पण नेम चुकलाय की आकाश जास्त उजळ आहे, हे कळत नाही. हे फीचर आधी जवळच्या ठळक ताऱ्याकडे जातं. तुम्ही तो मधोमध आणायचा, एंटर दाबायचं, मग ते लक्ष्याकडे वळतं. एवढं करूनही दिसलं नाही, तर दोष बहुतेक आकाशाचा.

'हायबरनेट' मेन्यूने दुर्बीण बंद केली तर अलाइनमेंट लक्षात राहतं. सलग दोन रात्री गच्चीवर बसायचं असेल तर फार सोयीचं. अट एकच: मधल्या वेळात तिला कुणी हात लावायचा नाही, ट्रायपॉडलासुद्धा.

फोन वाय-फायने जोडला की जागा आणि वेळ फोनच भरतो. तारीख चुकायची भीती गेली, पण दुर्बिणीचं आंधळेपण गेलं नाही. तारे तुम्हालाच दाखवायचे आहेत.

आणि शेवटचा मुद्दा, जो मी कधीच वगळत नाही. या हँडसेटमध्ये सूर्याचा मेन्यू मुद्दाम बंद ठेवलेला असतो. सेटिंगमध्ये जाऊन तो चालू करता येतो. पण पुढच्या तोंडावर सोलर फिल्टर बसवलाय की नाही, हे दुर्बिणीला कळत नाही. तिच्यासाठी सूर्य म्हणजे फक्त दोन कोन. फिल्टरशिवाय एक क्षण जरी आयपीसमधून सूर्य पाहिलात तरी डोळा कायमचा जाऊ शकतो. दिवसा गो-टू दिलं की वळताना ती सूर्यावरूनही जाऊ शकते. म्हणून आधी फिल्टर पुढून घट्ट बसवा, फाइंडर झाका किंवा काढून ठेवा, लहान मुलांना बाजूला उभं करा आणि मगच बटण दाबा.

गणित तिच्यावर सोडा. बघायचं काम मात्र आपलंच. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!