नेमलेला अध्याय

ख्रिस्ती धर्मात ज्याला पवित्र शास्त्र म्हटले जाते ते बायबल म्हणजे अनेक शतकांच्या अवधीत, निरनिराळ्या हातांनी आणि निरनिराळ्या प्रयोजनांनी लिहिल्या गेलेल्या ग्रंथांचा संग्रह आहे. प्रॉटेस्टंट परंपरेत या ग्रंथांची संख्या ६६, तर कॅथलिक परंपरेत ७३ मानली जाते. प्रॉटेस्टंट बायबलचे अध्याय मोजले तर ते १,१८९ भरतात, आणि त्यांत राजांचे वृत्तान्त, यज्ञविधींचे नियम, वंशावळ्या, प्रेमगीते, संदेष्ट्यांची तंबी, शुभवर्तमाने, म्हणजे येशूच्या जीवनाचे आणि शिकवणीचे वृत्तान्त, आणि मंडळ्यांना धाडलेली पत्रे असे सर्व काही एकत्र नांदते. असा ग्रंथ मनाला येईल तेव्हा आणि मनाला येईल तिथे उघडला, की हात त्याच त्या पानांकडे वळतो: तेविसावे स्तोत्र, डोंगरावरील प्रवचन, करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रातील प्रीतीचा अध्याय. लेवीय किंवा पहिला इतिहास यांची पाने वर्षानुवर्षे कोरी राहतात. नित्य शास्त्राभ्यासाची महती सांगताना मनःशांती, श्रद्धेची दृढता, आचरणाची शुद्धता असे लाभ सहसा पुढे केले जातात आणि ते खोटेही नाहीत; परंतु ख्रिस्ती इतिहासात वाचनाचे जे जे नेम घडले, त्यांच्याकडे पाहिले असता त्यांचे मुख्य कार्य वाचकाच्या आवडीनिवडीला लगाम घालणे हे होते असे दिसते.

या नेमाचे मूळ ख्रिस्ती धर्माहून जुने, यहुदी सभास्थानातले आहे. लूकच्या शुभवर्तमानानुसार येशू नासरेथच्या सभास्थानात वाचनासाठी उभा राहिला तेव्हा त्याच्या हाती यशया संदेष्ट्याच्या ग्रंथाची गुंडाळी देण्यात आली. बायबलमधील ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथात बिरुया येथील लोकांचे कौतुक केले आहे ते याच कारणासाठी, की प्रेषित पौलाचे बोलणे खरे आहे की काय हे ते रोज शास्त्रात शोधून पाहत. येथे वाचन म्हणजे मान डोलावणे नव्हे, पारखणे आहे, ही गोष्ट पुढच्या अनेक शतकांत बऱ्याच जणांच्या नजरेतून निसटली. दुसऱ्या शतकाच्या मध्यावर रोममध्ये राहणाऱ्या जस्टिन या लेखकाने रविवारच्या उपासनेचे जे वर्णन केले आहे, त्यात प्रेषितांच्या आठवणी आणि संदेष्ट्यांचे लेख वेळ पुरेल तितके वाचले जात असा उल्लेख सापडतो. ग्रंथ हाताने लिहिले जात, ते महाग असत आणि वाचता येणारे थोडे असत. त्यामुळे सामान्य ख्रिस्ती माणसासाठी शास्त्राभ्यास म्हणजे कितीतरी शतके शास्त्रश्रवणच होते.

दैनंदिन नेमाला शिस्तीचे रूप दिले ते मठांनी. सहाव्या शतकात इटलीतील माँते कासिनो येथे बेनेडिक्ट यांनी मठवासीयांसाठी ७३ प्रकरणांचा जो नियमग्रंथ रचला, त्यात अंगमेहनतीच्या तासांबरोबर वाचनाचे तासही ठरवून दिले आहेत. ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात प्रत्येक मठवासीयाला एकेक ग्रंथ मिळे आणि तो पहिल्या पानापासून शेवटपर्यंत क्रमाने वाचावा असे बंधन असे. वाचनाच्या वेळी कोणी गप्पा मारतो की काय, आळसावतो की काय, हे पाहण्यासाठी एकदोन ज्येष्ठ मठवासी फेरी मारीत, यावरून मनुष्यस्वभावाविषयी बेनेडिक्ट यांचा फारसा भाबडा समज नव्हता हे कळते. स्तोत्रसंहितेची १५० स्तोत्रे आठवड्यात म्हणून पूर्ण व्हावीत अशी वाटणी त्यांनी केली. ही वाटणी कोणाला पसंत नसेल तर त्याने दुसरी करावी, पण आठवड्यात सर्व स्तोत्रे झालीच पाहिजेत, असेही त्यांनी बजावले. क्रम बदलण्याची मुभा होती, काही गाळण्याची नव्हती.

बाराव्या शतकात फ्रान्समधील ग्रांद शार्त्रूझ या मठाचे प्रमुख दुसरे गिगो यांनी या वाचनाच्या चार पायऱ्या सांगितल्या: वाचन, मनन, प्रार्थना आणि चिंतन. त्यांच्या विवरणानुसार वाचनाने घास तोंडात येतो, मननाने तो चावला जातो, प्रार्थनेने त्याची चव लागते आणि चिंतन म्हणजे ती गोडीच होय. महाराष्ट्रात ‘ज्ञानेश्वरी’च्या पारायणाची परंपरा जाणणाऱ्या वाचकाला येथे एक भेद जाणवेल. पारायणात ठरलेल्या दिवसांत ग्रंथ पूर्ण करण्याला महत्त्व असते, तर गिगोंच्या पद्धतीत चार ओळींवर तासभर थांबणेही पुरेसे ठरते. ख्रिस्ती परंपरेत या दोन्ही प्रवृत्ती, भरभर पुरे करण्याची आणि सावकाश मुरू देण्याची, शेजारी शेजारी वाढल्या आणि आजही त्यांच्यातली ओढाताण पुरती मिटलेली नाही.

मुद्रणकला आणि सोळाव्या शतकातील धर्मसुधारणा यांमुळे ग्रंथ मठातून घरात आला. घरातल्या वाचनासाठी जी वेळापत्रके पुढे निघाली, त्यांतील सर्वांत टिकाऊ वेळापत्रक स्कॉटलंडमधील डंडी शहराच्या सेंट पीटर्स चर्चचे तरुण पाळक रॉबर्ट मरे मॅक्शेन यांनी १८४२ च्या अखेरीस आपल्या मंडळीसाठी तयार केले. रोज साधारण चार अध्याय वाचले तर वर्षात जुना करार हा बायबलचा पहिला भाग एकदा, आणि नवा करार हा दुसरा भाग व स्तोत्रे दोनदा वाचून होतात असा त्याचा हिशोब आहे. चारांपैकी दोन अध्याय कुटुंबाने एकत्र वाचायचे आणि दोन एकट्याने. १ जानेवारीला उत्पत्ती, मत्तय, एज्रा आणि प्रेषितांची कृत्ये या चारही ग्रंथांचा पहिला अध्याय येतो, म्हणजे सृष्टीचा, ख्रिस्ताच्या जीवनवृत्ताचा, बंदिवासातून परतलेल्या लोकांचा आणि मंडळीचा असे चार आरंभ एकाच दिवशी वाचकापुढे येतात. वेगवेगळ्या काळांचे हे ग्रंथ शेजारी ठेवल्याने ते एकमेकांवर प्रकाश टाकू लागतात, आणि यात या योजनेची खरी कल्पकता आहे.

या योजनेला मॅक्शेन यांनी जी प्रस्तावना जोडली ती योजनेइतकीच मोलाची आहे, कारण लाभ सांगण्याआधी त्यांनी धोके सांगितले. नेम पाळता पाळता वाचन केवळ उपचार होऊन बसेल, हा पहिला धोका. आजचा वाटा पुरा केला म्हणून माणूस स्वतःवर खूश होईल आणि त्यालाच धार्मिकता समजेल, हा दुसरा. वाचायचे पुष्कळ म्हणून नजर ओळींवरून नुसती सरकत जाईल, हा तिसरा. आणि काहींना हे जू पेलवणारच नाही, हा चौथा. ज्यांना हा भार वाटेल त्यांनी बेड्या झुगारून मोकळेपणाने वाचावे, असा सल्ला त्यांनी दिला. लाभांत, संपूर्ण शास्त्र क्रमाने वाचले जाईल, काय वाचावे हे ठरवण्यात वेळ जाणार नाही, आईवडिलांना मुलांशी बोलायला रोज विषय मिळेल, मंडळी कुठे वाचत आहे हे पाळकाला ठाऊक राहील, अशा साध्या व्यावहारिक गोष्टी आहेत. साक्षात्काराचे आश्वासन त्यांत कुठेही नाही. हे लिहिल्यानंतर तीन महिन्यांच्या आतच, मार्च १८४३ मध्ये, वयाच्या अवघ्या २९ व्या वर्षी मॅक्शेन यांचे तापाने निधन झाले. स्वतःच्या वेळापत्रकाचे एक वर्षही त्यांच्या वाट्याला आले नाही. पुढे विसाव्या शतकात जॉन स्टॉट यांच्यासारख्या नामवंत इंग्रज धर्मोपदेशकाने ते वर्षानुवर्षे वापरले.

याच्या अगदी उलट टोकाची पद्धत जर्मनीतील हेर्नहूट या वस्तीत राहणाऱ्या मोरेव्हियन बंधुसमाजाची. काउंट त्सिन्झेन्डोर्फ यांच्या नेतृत्वाखालील या समाजात १७२८ मध्ये रोज एक वचन घरोघरी सांगण्याची प्रथा सुरू झाली आणि १७३१ पासून वर्षभराच्या वचनांची पुस्तिका छापली जाऊ लागली. ती अजूनही दरवर्षी अनेक भाषांत निघते. जुन्या करारातील वचन चिठ्ठी काढून ठरते आणि त्याला साजेसे नव्या करारातील वचन नंतर निवडले जाते. एखादे वचन अशा रीतीने संदर्भातून उचलले, की त्याचा शकुनासारखा वापर होण्याची भीती राहते आणि अनेकांनी तो तसा केलाही आहे. तरीही नाझी राजवटीचे विरोधक डीट्रिश बोनहोफर यांच्यासारख्या कसलेल्या जर्मन धर्मशास्त्रज्ञाने ही पुस्तिका रोज वापरली. १९३९ च्या जूनमध्ये ते न्यूयॉर्कमध्ये सुरक्षित होते, आणि मायदेशी युद्धाचे सावट होते. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात पौल आपल्या शिष्याला हिवाळ्यापूर्वी येण्याची विनंती करतो; ते वचन २६ जूनला वाचनात आले आणि दिवसभर मनातून गेले नाही, असे त्यांनी रोजनिशीत नोंदवले. मात्र परतण्याचा निर्णय त्यांनी त्यापूर्वीच घेतला होता. वचनाने निर्णय घडवला असे म्हणता येत नाही, पण घेतलेल्या निर्णयाला त्याने सोबत केली. जुलैमध्ये बोनहोफर जर्मनीला परतले आणि ९ एप्रिल १९४५ रोजी फ्लॉसेनब्युर्ग छळछावणीत त्यांना फाशी देण्यात आली.

हे सारे नेम एक गोष्ट गृहीत धरतात: ग्रंथ वाचकाच्या भाषेत आहे. मराठीच्या प्रदेशात हा प्रश्न फार लवकर उभा राहिला. १५७९ मध्ये गोव्यात आलेले इंग्रज येशूसंघीय धर्मगुरू थॉमस स्टीफन्स यांनी बायबलचा विषय मराठी ओवीत उतरवला आणि ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. जुन्या कराराचे पहिले पुराण आणि नव्या कराराचे दुसरे, अशी त्याची मांडणी आहे. धर्मांतरित लोकांची जुनी पुराणे काढून घेतली, मग आता आम्ही काय वाचावे, असा प्रश्न एका ब्राह्मणाच्या तोंडून त्यातच विचारला गेला आहे, आणि हे पुराण म्हणजेच त्याचे उत्तर. प्रत्यक्ष बायबलचे भाषांतर बरेच पुढचे: इंग्रज मिशनरी विल्यम केरी यांच्या पुढाकाराने नव्या कराराचा मराठी अनुवाद बंगालमधील श्रीरामपूर येथे १८११ मध्ये प्रसिद्ध झाला. पंडिता रमाबाईंनी तर केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये आयुष्याची शेवटची अनेक वर्षे हिब्रू आणि ग्रीक मुळांवरून संपूर्ण बायबल मराठीत आणण्यात घालवली. थोड्या शिकलेल्या बायकांना कळेल अशी भाषा हा त्यांचा आग्रह होता. १९२२ मध्ये त्यांचे निधन झाले आणि १९२४ मध्ये ते बायबल छापून पूर्ण झाले. या अनुवादाच्या साहित्यगुणांविषयी मतभेद होऊ शकतात, परंतु संस्कृत शास्त्रांत पारंगत असलेल्या विदुषीने अल्पशिक्षित वाचक डोळ्यांपुढे ठेवून केलेले हे काम शास्त्राभ्यासाच्या इतिहासात वेगळे उठून दिसते.

कॅथलिक परंपरेत घरगुती वाचनापेक्षा उपासनेतील वाचनाला अधिक वजन राहिले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ च्या नोव्हेंबरमध्ये जो दस्तऐवज संमत केला, त्यात सर्व श्रद्धावंतांनी शास्त्र वारंवार वाचावे असे आग्रहाने सांगितले, आणि १९६९ मध्ये नवी पाठमाला, म्हणजे कोणत्या दिवशी कोणता उतारा वाचावा याची यादी, तयार झाली. रविवारची वाचने तीन वर्षांच्या चक्रात फिरतात: एका वर्षी मत्तय, दुसऱ्या वर्षी मार्क, तिसऱ्या वर्षी लूक, आणि योहानाचे भाग विशेष काळांत येतात. पूर्वीच्या एका वर्षाच्या चक्राच्या मानाने ही फार मोठी भर होती. तरीही केवळ रविवारी चर्चला जाणाऱ्याच्या कानी जुन्या कराराचा लहानसा अंशच पडतो, म्हणून रोजच्या वाचनाची जागा रविवार घेऊ शकत नाही.

शिवाय पाठमाला करणाऱ्यांनाही आवडनिवड असते. १९७१ च्या सुमारास मठवासी, धर्मगुरू आणि इच्छुक श्रद्धावंत यांच्या नित्यप्रार्थनेचे जे सुधारित पुस्तक निघाले, त्यातून शत्रूच्या सर्वनाशाची याचना करणारी ५८, ८३ आणि १०९ ही तीन स्तोत्रे संपूर्ण गाळली गेली आणि आणखी काही स्तोत्रांतील कठोर ओळीही काढल्या गेल्या. आधुनिक माणसाच्या तोंडी असे शाप शोभत नाहीत, हे त्यामागचे कारण समजण्याजोगे आहे. परंतु अन्यायाने चिरडलेला माणूस देवापुढे कोणत्या भाषेत ओरडतो, हे याच स्तोत्रांतून कळते, आणि ज्याच्यावर कधी अशी वेळ आली नाही त्याने ती ऐकून ठेवण्याची गरज अधिक. मॅक्शेन यांच्या वेळापत्रकाप्रमाणे वाचणाऱ्यापुढे १०९ वे स्तोत्र वर्षात दोनदा येते. काही बेनेडिक्टाइन मठांनी तर संपूर्ण स्तोत्रसंहिता म्हणण्याची जुनी रीत सोडलेली नाही, आणि तिथे ही तीन स्तोत्रे इतरांबरोबर आपल्या पाळीला म्हटली जातात.