वरणातली हळद आणि गोळीतली हळद

मार्च उजाडला की अर्धापूर ते वसमत या पट्ट्यात शिवारोशिवारी हळद शिजवायचे कुकर पेटतात. शिजलेली हळद उन्हात वाळते, ड्रममध्ये घोळून पॉलिश होते आणि कांडी व गड्डा अशी वेगळी होऊन नांदेड, वसमत, हिंगोलीच्या बाजारात लिलावाला येते. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. भाव ठरवताना व्यापारी हळकुंड मोडून आतला रंग बघतो. तो रंग येतो करक्यूमिन नावाच्या द्रव्यामुळे. गेल्या वीसेक वर्षांत याच द्रव्याची परीक्षा मोठ्या आतड्याच्या एका चिवट आजारावर घेतली गेली. ती जपानमध्ये झाली, इस्रायलमध्ये झाली, दिल्लीतही झाली. निकाल मात्र एकमेकांशी जुळत नाहीत.

आजाराचं नाव अल्सरेटिव्ह कोलायटिस. शरीराची संरक्षण यंत्रणा मोठ्या आतड्याच्या अस्तरावरच उलटते. सूज आणि जखमा गुदाशयापासून सुरू होऊन वर सरकत जातात. नांदेड-लातूरच्या खेड्यांत रुग्ण हे नाव घेऊन दवाखान्यात येत नाही. तो सांगतो, ‘आव-रक्त पडतंय, मुरडा येतो, रात्रीतून चार वेळा उठावं लागतं.’ आधी आवेच्या गोळ्या होतात, मग मूळव्याधीचं औषध होतं, आणि पुष्कळ दिवस गेल्यावर कोणीतरी दुर्बीण घालून आतडं बघतं व बारका तुकडा तपासायला पाठवतं. याच कुळातल्या क्रोन्स आजाराची तर आणखी पंचाईत. तो आतड्याच्या क्षयरोगासारखा हुबेहूब दिसतो आणि आपल्याकडे क्षयरोग काही कमी नाही. त्यामुळे कित्येकांना आधी क्षयरोगाची औषधं देऊन दोन-तीन महिने वाट पाहावी लागते.

हा आजार गोऱ्यांचा, शहरी श्रीमंतांचा, अशी समजूत डॉक्टरांमध्येही बराच काळ होती. लुधियानाच्या डॉक्टरांनी पंजाबात घरोघरी जाऊन पन्नास हजारांहून अधिक लोकांची पाहणी केली. २००३ मध्ये छापलेल्या त्या निष्कर्षानुसार दर लाख माणसांमागे ४४ जणांना अल्सरेटिव्ह कोलायटिस होता. अलीकडे हैदराबादच्या एशियन इन्स्टिट्यूट ऑफ गॅस्ट्रोएंटरॉलॉजीने पोटाच्या तक्रारी असलेल्या तीस हजारांहून अधिक रुग्णांची तपासणी केली. त्यासाठी दुर्बीण बसवलेली गाडी तेलंगणातल्या खेड्यांतही नेली. शहर असो की खेडं, तक्रार असलेल्यांपैकी साधारण पाच टक्क्यांत या कुळातला आतड्याच्या सुजेचा आजार सापडला. नांदेड जिल्ह्याची हद्द तेलंगणाला लागूनच आहे. देगलूर-धर्माबादचं पोट पलीकडच्या पोटापेक्षा वेगळं असेल असं मानायला काही आधार नाही.

या आजाराचा एक स्वभाव औषध विकणाऱ्याच्या फार पथ्यावर पडतो. तो भडकतो आणि कधीकधी आपोआप शांतही होतो. रुग्ण औषधाच्या शोधात निघतो तो भडका शिगेला पोचल्यावर. त्यानंतरच्या दोन महिन्यांत त्याने काहीही घेतलं, काढा, भस्म, बेलफळ किंवा नुसता अंगारा, तरी काही जणांना बरं वाटणारच, आणि श्रेय त्या वेळी हातात असलेल्या पुडीला जाणार. म्हणून ‘आमच्या मामांना गुण आला’ या वाक्याला इथे फारशी किंमत नाही. गुण कशाने आला हे कळायला तसंच आजारी असलेले, पण ते औषध न घेतलेले लोक शेजारी उभे करावे लागतात.

हे काम पहिल्यांदा नीट केलं ते इंग्लंडमध्ये ट्रूलव्ह आणि विट्स यांनी. २१० रुग्णांच्या चिठ्ठ्या टाकल्यासारख्या दोन तुकड्या करून त्यांनी एकीला कॉर्टिझोन दिलं आणि दुसरीला तशीच दिसणारी, औषध नसलेली गोळी. १९५५ मध्ये निकाल छापून आला. सहा आठवड्यांत कॉर्टिझोनवाले ४१ टक्के आजारातून बाहेर आले, पोकळ गोळीवाले १६ टक्के. कॉर्टिझोन जिंकलं हे तर खरंच. पण त्या १६ टक्क्यांकडेही बघायला हवं. त्यांच्या पोटात कॉर्टिझोनचा कणही गेला नव्हता.

हळदीची परीक्षा याच पद्धतीने झाली. जपानमधल्या हनाई आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये ८९ जणांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. यांचा आजार शांत होता आणि तो पुन्हा भडकतो का, एवढंच बघायचं होतं. नेहमीच्या औषधाबरोबर रोज दोन ग्रॅम करक्यूमिन घेणाऱ्या ४३ जणांपैकी सहा महिन्यांत दोघांचा आजार उलटला, पोकळ गोळीवाल्या ३९ जणांपैकी आठांचा. २०१५ मध्ये इस्रायलमधल्या डॉक्टरांनी हाँगकाँग आणि सायप्रसच्या सहकाऱ्यांना घेऊन आजार चालू असलेल्या ५० जणांना निवडलं. मेसालामाइन या नेहमीच्या औषधाचा पूर्ण डोस घेऊनही त्यांना आराम नव्हता. रोज तीन ग्रॅम करक्यूमिन घेतलेल्या २६ पैकी १४ जण चार आठवड्यांत बरे झाले. पोकळ गोळीवाल्या २४ पैकी एकही नाही.

हा शून्य जरा खटकतो. ट्रूलव्ह-विट्स यांच्या काळापासून पोकळ गोळीवर थोडे तरी लोक सुधारतातच, आणि इथे एकही नाही? लबाडीचा संशय घेण्याचं कारण नाही. पण माणसं इतकी थोडी असली की नशीब बरंच काही करून जातं. म्हणूनच असा निकाल दुसऱ्या कोणीतरी दुसरीकडे पुन्हा मिळवून दाखवावा लागतो.

दिल्लीच्या एम्समध्ये ते करून बघितलं गेलं. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ६२ रुग्ण होते, सगळे मेसालामाइनवर. अर्ध्याच्या आसपास लोकांना त्याशिवाय रोज ४५० मिलिग्रॅम करक्यूमिन दिलं. आठ आठवड्यांनी करक्यूमिनवाले ३१ टक्के बरे होते, पोकळ गोळीवाले २७ टक्के. एवढा फरक योगायोगानेही पडतो. म्हणजे हळद इथे नापास झाली.

का? मोठा संशय मात्रेवर आहे. तीन ग्रॅमच्या जागी अर्ध्या ग्रॅमहूनही कमी दिलं होतं. आता हा हिशेब स्वयंपाकघरात आणू. शुद्ध हळद पुडीत करक्यूमिन वजनाच्या साधारण तीन टक्के असतं. मेघालयातल्या लाकाडोंग जातीत ते सातच्या आसपास जातं, पण ती अपवाद. म्हणजे इस्रायलमधल्या प्रयोगाएवढं करक्यूमिन पोटात जायचं तर रोज शंभर ग्रॅम हळद खावी लागेल. एम्समध्ये नापास झालेली मात्रासुद्धा पंधरा ग्रॅम हळदीएवढी होते. आपल्या वरण-भाजीतून माणशी दिवसाला दोन-अडीच ग्रॅम जाते. तेव्हा ‘आपण रोज हळद खातो, आपल्याला कसा होईल हा आजार’ हा युक्तिवाद आकड्यांपुढे टिकत नाही. हळदवाल्या दुधाचंही तेच.

करक्यूमिनची आणखी एक खोड आहे. ते रक्तात जवळपास शोषलंच जात नाही. सांधेदुखीसाठी किंवा मेंदूसाठी ते वापरू पाहणाऱ्यांची इथेच अडचण होते. जखम मोठ्या आतड्यातच असेल तर मात्र न शोषलं जाणं सोयीचंच ठरावं. एम्सच्याच डॉक्टरांनी २०१४ मध्ये हा विचार पुढे नेला आणि ४५ जणांच्या प्रयोगात करक्यूमिनचा एनिमा देऊन बघितला. प्रयोग पूर्ण केलेल्यांत हळदीच्या बाजूच्या ९३ टक्के लोकांना गुण दिसला, दुसऱ्या बाजूला ५० टक्क्यांना. वर्तमानपत्राला मथळा तयार! पण बरेच जण अर्ध्यातून गळाले होते. सुरुवातीला चिठ्ठीत नाव निघालेले सगळे हिशेबात धरले तर आकडे ५६ आणि ३६ झाले, आणि तेवढ्या थोड्या माणसांत तो फरक सिद्ध मानता येईना. सोडून गेलेले का गेले? गुण नाही म्हणून गेले असतील, तर त्यांना वगळून काढलेला ९३ हा आकडा फसवा. संशोधकांनी दोन्ही आकडे छापले, हा त्यांचा प्रामाणिकपणा.

हळद म्हटली की मराठी माणसाला शास्त्रज्ञ रघुनाथ माशेलकर आठवतात. जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट अमेरिकेत १९९५ मध्ये दिलं गेलं. सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेने माशेलकरांच्या नेतृत्वाखाली ते लढून १९९७ मध्ये रद्द करायला लावलं. ती लढाई जिंकली ती हे ज्ञान जुनं आहे, एवढं कागदोपत्री दाखवून. हळदीने जखम खरंच भरते का, हा प्रश्न त्या खटल्यात नव्हताच. हे दोन प्रश्न वेगळे आहेत. अभिमानाच्या भरात आपण पहिल्याचं उत्तर दुसऱ्यालाही लावून मोकळे होतो.

नैसर्गिक आहे म्हणून निर्धोक, हेही गृहीत धरू नये. अमेरिकेत औषधांमुळे होणाऱ्या यकृताच्या इजांवर नजर ठेवणाऱ्या डॉक्टरांच्या गटाने हळदीच्या कॅप्सूलशी जोडलेले दहा रुग्ण नोंदवले. त्यांतले पाच रुग्णालयात दाखल झाले, एक दगावला. काही कॅप्सूलमध्ये करक्यूमिन रक्तात जास्त शिरावं म्हणून मिऱ्यातलं पायपरिन मिसळलेलं आढळलं. वरणातल्या हळदीने असं काही होत नाही. मुठीएवढ्या हळदीचा अर्क एका गोळीत आला की गोष्ट बदलते.

हे वाचून कोणाला एखाद्या प्रयोगात सामील व्हावंसं वाटलं, तर त्याची सोय आहे. भारतात १५ जून २००९ पासून प्रत्येक औषध चाचणीची नोंद क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री या सरकारी सूचीत करावी लागते, आणि ती सूची कोणालाही फुकट बघता येते. सही करण्याआधी नोंदणी क्रमांक मागावा, नैतिकता समितीची मंजुरी आहे का ते विचारावं आणि इजा झाल्यास भरपाई कोण देणार हे संमतीपत्रात वाचावं. २०१९ च्या नियमांनी हे हक्क रुग्णाला दिले आहेत.

आणि ज्यांना हा आजार आहे, त्यांच्यासाठी एक गोष्ट. जपान, इस्रायल आणि दिल्ली, कुठल्याही प्रयोगात रुग्णाचं नेहमीचं औषध बंद करून हळद दिलेली नव्हती. ती दिली होती त्या औषधाच्या जोडीला. डॉक्टरांना विचारल्याशिवाय मेसालामाइन सोडू नका, आणि शौचातून पडणारं रक्त काही आठवड्यांत थांबलं नाही तर मूळव्याध समजून घरी बसू नका, दुर्बिणीची तपासणी करून घ्या.